पहिल्या वाक्याचं देणं

माझ्यावर ज्यांचं सर्वांत मोठं ऋण आहे, त्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक असायची. तळाशी लोकरीचे कपडे, मध्ये डांबराच्या गोळ्या आणि वर पुस्तकं, तीही मोजकीच. पण त्या घरातल्या माणसांना जितक्या कादंबऱ्यांची पहिली वाक्यं पाठ होती, तितकी पाठ असलेलं दुसरं घर मी पुढे पुण्यात शिकतानाही पाहिलं नाही. नाताळच्या आठवड्यात रात्रीची जेवणं झाली की ती वाक्यं एकमेकांना सांगितली जायची. मी त्यांच्या धर्माची नव्हते, नात्यातली नव्हते, रेल्वेच्या माणसांतलीही नव्हते. तरी सतरंजीवर माझी जागा धरलेली असायची.

आम्ही शिरूरचे. जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. वडिलांचं शिंपीकामाचं दुकान होतं. दिवाळी झाली की गावातली बाकीची मशिनं जरा विसावायची. आमचं मात्र डिसेंबर लागला की पुन्हा रात्री उशिरापर्यंत चालायचं, कारण मिशन कंपाउंडमधले कपडे वडिलांकडे यायचे. अमेरिकन मराठी मिशनने १८४०च्या दशकात शिरूरला ठाणं केलं, तेव्हापासून इथे मराठी ख्रिस्ती घरं आहेत. त्यांचा नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शेव, पेटी-तबल्यावरची भजनं आणि नवे कपडे. काजं करायला, बटणं लावायला, तुरपाईला आमच्या घरातले सगळे हात लागायचे, त्यात माझेही.

कंपाउंडमधल्या एक बाई आमच्या दुकानात ब्लाउज शिवायला टाकायच्या. त्या मराठी शिकवायच्या. माझ्या शाळेत नव्हे, पण सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. एकदा मी हातातली तुरपाई करता करता, कापड गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा वाचत बसले होते. बाईंनी ते पाहिलं. वडील मापाचा जुना ब्लाउज पसरून खडूने खुणा करत होते, तेवढ्या वेळात त्यांनी मला एक वाक्य सांगितलं. ते ‘चौघीजणी’तलं पहिलं वाक्य होतं. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा शान्ता शेळक्यांनी केलेला हा अनुवाद, आणि शान्ताबाई जन्मल्या इंदापूरला, म्हणजे दौंडच्या शेजारच्याच तालुक्यात. तंगीत असलेल्या घरातली एक मुलगी जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर पडून कुरकुरते आहे, की यंदा भेटवस्तू नाहीत तर नाताळ कसला. आम्ही रात्ररात्र जागून दुसऱ्यांच्या पोरींचे नवे फ्रॉक शिवणारी माणसं. ती कुरकुर अमेरिकेतून आली आहे असं मला वाटलंच नाही.

“मग मिळाल्या का?” मी विचारलं.

“काय?”

“भेटी. त्या मुलीला.”

बाई म्हणाल्या, “वडील लढाईवर गेलेत आणि आई म्हणते यंदा खर्च नको. त्या चौघी बहिणी आहेत. बाकी पुस्तकात आहे.”

पुस्तक त्यांनी लगेच दिलं नाही. शिवलेले ब्लाउज पोचवायला मी मिशन कंपाउंडमध्ये गेले, तेव्हा दारातच मला ते वाक्य म्हणायला लावलं. मी म्हटलं, एक शब्द न चुकवता. मग पुस्तक हातात पडलं. पुढच्या पुस्तकांची किंमतही हीच राहिली.

या देवघेवीला नियम होते आणि बाई ते कसोशीने पाळायच्या. वाक्य तोंडीच द्यायचं, लिहून द्यायचं नाही. (म्हणून मीही इथे एकही वाक्य उतरवत नाही. ज्याला हवं असेल त्याने पुस्तक उघडावं.) पुस्तकाचं नाव आधी सांगायचं नाही. ऐकणाऱ्याने आधी एवढंच ओळखायचं, की हे कोण बोलतं आहे, कोणाशी बोलतं आहे, आणि बोलणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त काय माहीत आहे. बाईंचं ठाम मत होतं, की चांगली कादंबरी पहिल्याच वाक्यात वाचकाचं देणं करून ठेवते आणि बाकीची सगळी पानं ते फेडण्यात जातात. ज्या कादंबरीला पहिल्या वाक्यात काहीच देणं लागत नाही, ती त्या दहा पानांवर मिटून ठेवायच्या. मला हे मत तेव्हा कडक वाटायचं. आज तेच माझं मत आहे.

नाताळच्या सुट्टीत बाई दौंडला भावाकडे जायच्या. एका वर्षी दुकानात येऊन वडिलांना म्हणाल्या, “हिला घेऊन जाते. वर्ष संपायच्या आत आणून सोडते.” वडिलांनी मशिनवरून मान वर केली आणि “बाई, तुमच्याबरोबर आहे तर काय विचारायचं,” एवढंच म्हणाले. आमची एसटी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघाली. दोन्ही बाजूंना ऊस, वाटेवर उसाच्या गाड्या, गुऱ्हाळांचा गोड धूर थेट खिडकीत. केडगावच्या आसपास आलो की बाई खिडकीबाहेर हात करायच्या आणि म्हणायच्या, “इथे रमाबाई.” तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन सगळ्यांना ठाऊक असतं, दुष्काळातल्या मुली, विधवा, निराधार बायका त्यांनी तिथे आणल्या हेही ठाऊक असतं. बाई मला वेगळंच सांगायच्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी सगळं बायबल मुळातून उतरवलं. तिथल्याच छापखान्यात तिथल्याच बायका खिळे जुळवायच्या. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर पडलं. बाई म्हणायच्या, “विचार कर, जगाच्या सुरुवातीचं वाक्य आपल्या भाषेत नीट यावं म्हणून एका बाईने दोन परक्या भाषा शिकून घेतल्या. आणि तुला एक पान पाठ करायचा कंटाळा येतो.”

दौंड तेव्हा सगळं रेल्वेवर चालायचं. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन, १८७८पासूनचा मनमाडचा फाटा आणि बारामतीकडची गाडी. नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि तेवढा वेळ गाडी फलाटावर उभी राहायची. ही अदलाबदल टाळणारी कॉर्ड लाइन फार नंतरची. बाईंचे भाऊ गार्ड. गाडीची दिशा फिरली की त्यांना अख्ख्या गाडीच्या लांबीइतकं चालून शेवटच्या डब्याकडे जावं लागायचं. मी त्यांना काका म्हणायचे. लाल-हिरवे झेंडे, हातातला दिवा, डिटोनेटर आणि नियमांचं पुस्तक असलेल्या त्यांच्या लाइनबॉक्समध्ये एक कादंबरी कायम असायची. मनमाडच्या रनिंग रूममध्ये परतीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी जेवढं वाचलं, तेवढं वाचायला आम्हांला पदवी घ्यावी लागली.

क्वार्टरच्या दारात कागदी चांदणी टांगलेली असायची. केकचं मिश्रण डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचं काम आम्हा मुलांकडे. रात्री सतरंजी अंथरली की कॉलनीतली माणसं जमायची. रेल्वेच्या कॉलनीत नाना प्रांतांची वस्ती, त्यामुळे वाक्यंही नाना भाषांतली.

सुरुवात मात्र काकूंची. त्या दरवर्षी शुभवर्तमानातून वाचायच्या, आणि माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी चारही शुभवर्तमानांच्या सुरुवाती एकापाठोपाठ एक वाचल्या. माझ्या वाचनाच्या आयुष्यात इतका मोठा धडा दुसरा झाला नाही. गोष्ट एकाच माणसाची, सांगणारे चार. मत्तय वंशावळीने सुरू करतो, अब्राहामापासून अमक्याचा मुलगा तमका, अशी लांबलचक. मार्क जन्माचं नावच काढत नाही. तो सरळ रानात जाऊन उभा राहतो, जिथे योहान बाप्तिस्मा देतो आहे. म्हणजे मार्कच्या पुस्तकात नाताळची गोष्टच नाही! लूक आधी थियफिल नावाच्या एका माणसाला उद्देशून लिहितो, की अनेकांनी हा वृत्तान्त लिहायला घेतला आहे, मीही सगळं मुळापासून नीट तपासून क्रमाने लिहितो आहे. आणि योहान (हा बाप्तिस्मा देणारा नव्हे) तर सृष्टीच्याही आधी जातो, शब्दापाशी. काकूंनी पुस्तक मिटून विचारलं, “आता सांगा, आपल्याकडची बाई यातलं कुठलं सांगेल?” मी म्हटलं, वंशावळ. कारण दौंडला आल्यापासून मला भेटणारं प्रत्येक माणूस आधी “कोणाची गं तू?” हेच विचारत होतं. काकूंना ते उत्तर एवढं आवडलं, की दुसऱ्या दिवशी त्या शेजारणींना बोलावून माझ्या तोंडून पुन्हा वदवून घेत होत्या. गोष्ट कुठून सुरू करायची हे सांगणारा ठरवतो आणि तिथेच तो ओळखू येतो, हे मला त्या रात्री कळलं. पुढे समीक्षेची पुस्तकं वाचली. त्यांतून याहून फारसं अधिक हाती लागलं नाही.

एक निवृत्त अँग्लो-इंडियन ड्रायव्हर यायचे. दौंडच्या शेडमधल्या वाफेच्या इंजिनांवर त्यांचं आयुष्य गेलेलं. ते डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची सुरुवात सांगायचे. स्वतःचं लांबलचक नाव बोबड्या जिभेला जमलं नाही म्हणून पोराने त्याचं इवलंसं ‘पिप’ करून टाकलं. काका मराठीत समजावून द्यायचे. मग ड्रायव्हरसाहेब हळूच सांगायचे, की लगेच पुढे दफनभूमीत एक पळालेला कैदी या पोराला धरतो, आणि ती संध्याकाळ नाताळच्या आदल्या दिवसाची आहे. डिकन्सचा नाताळ म्हणजे ‘अ ख्रिसमस कॅरल’ एवढंच समजणाऱ्यांना ते हे मुद्दाम ऐकवायचे.

कॉलनीतल्या एका फिटरच्या पत्नी तमिळ. त्यांच्याकडे कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ होती, पण पुस्तक म्हणून नव्हे. १९५०पासून साप्ताहिकात येत गेलेली पानं फाडून, माहेरी बांधून घेतलेले गठ्ठे होते ते. त्या आधी तमिळमध्ये म्हणायच्या, मग अडखळत मराठीत. काळाच्या पुरात कल्पनेची होडी सोडली आहे, वाचकहो, थोडा वेळ आमच्याबरोबर बसा, अशा अर्थाचं आमंत्रण लेखक स्वतःच देतो. मला तमिळचं अक्षर कळत नव्हतं. पण त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, ते पाहून ही कादंबरी मोठी असणार याची माझी खात्री झाली. कितीतरी वर्षांनी ती अनुवादातून वाचली आणि त्यांचा तमिळ उच्चारच कानात वाजत राहिला.

काकांचं वाक्य ठरलेलं: शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चं. मेलेला कर्ण उठून म्हणतो, की आज मला काही सांगायचं आहे. ते म्हणताना काका नकळत गार्डाच्या ताठपणाने उभे राहायचे. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे फार भारदस्त वाटायचं. तो नेमाड्यांच्या ‘कोसला’वर जीव टाकायचा, जिथे पांडुरंग सांगवीकर पहिल्या दमात स्वतःचं नाव नि वय सांगून मोकळा होतो. बाप-लेकांचा यावरून दरवर्षी वाद. एक १९६७ची कादंबरी, एक १९६३ची, आणि दोन्हींत एक माणूस उठून “मी बोलणार आहे” असंच तर सांगतो. हे मी एकदा बोलून गेले, तेव्हा काका मुलाकडे बघून म्हणाले, “घ्या! शिरूरच्या पोरीने केस निकालात काढली.”

चोवीस तारखेला एक प्रश्न हटकून निघायचा, तो ‘श्यामची आई’चा. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, म्हणून त्या रात्री बाई त्यांचं नाव घेतल्याशिवाय राहायच्या नाहीत. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं ते पुस्तक. बेचाळीस रात्रींत सांगितलेलं. कोणी म्हणायचं, ही कादंबरी नव्हे, आठवणी आहेत, खेळात चालणार नाही. बाई म्हणायच्या, ज्या पुस्तकात प्रकरणांनाच ‘रात्र’ म्हटलं आहे, ते रात्री सांगायच्या खेळात चालणार नाही तर काय चालेल? यावर कोणी बोलत नसे.

बाईंना स्वतःला एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्या उघड बोलून दाखवायच्या. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, आणि लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती. विषय हिंदू विधवांच्या हालांचा. “मराठी कादंबरीचं पहिलं वाक्य आमच्या घरातून निघालं,” त्या म्हणायच्या, “आणि ते दुसऱ्याच्या घरातल्या दुःखाबद्दल होतं.” कला म्हणून ते पुस्तक आज कसं वाटतं, हा वेगळा विषय. धर्मप्रसाराचा हेतू त्यात आहे, तो लपवायचं कारण नाही. पण बाईंचं दुसरं वाक्य मला पहिल्याहून मोलाचं वाटतं.

मॅट्रिकनंतर मी दुकानात बसावं असा विचार घरात सुरू झाला. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. बहात्तरच्या दुष्काळाने आमच्या भागाचं कंबरडं मोडलं होतं. गिऱ्हाइकांची उधारी फिटत नव्हती, वडिलांचे डोळे अधू होत चालले होते. बाई दुकानात आल्या. मला वाटलं, शिक्षणाचं महत्त्व सांगतील. त्यांनी वडिलांना माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची सुरुवात ऐकवली. एक पोरसवदा मास्तर नव्या नोकरीच्या गावाला पायी निघाला आहे. वडील शिवता शिवता थांबले. “मग? पोचला का तो?” त्यांनी विचारलं. बाईंनी पुस्तक मशिनच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “हिला विचारा. ही वाचून दाखवेल.”

मी रोज दिवेलागणीनंतर वाचायचे, वडील काजं करत ऐकायचे. कारभाऱ्याच्या मुलीची चोळी शिवून आणायचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी मला तो पुन्हा वाचायला लावला. शेवटी पाऊस पडत नाही, मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून निघून जातात. ते पान संपलं तेव्हा वडील बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे कुणाकडून उसने आणले, हे मला आईने पुढे केव्हातरी सांगितलं. बाईंनी त्यांच्याशी शिक्षणाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

मी पुढे मराठीच शिकवलं. डिसेंबरातला सुट्टीआधीचा शेवटचा तास मी अभ्यासाला कधी दिला नाही. मुलांना पहिली वाक्यं सांगितली, त्यांच्याकडून ऐकली. बाई गेल्या, काका-काकूही गेले. त्यांच्या मुलाने ती ट्रंक जपून ठेवली आहे.

बाईंचं एक काम मात्र राहिलं आहे, ते मी इथे पुढे ठेवते. ज्या लेखिकेच्या नावातच आमचं गाव आहे, तिचं एकही वाक्य आमच्या गावात कोणाला पाठ नाही, ही त्यांची खंत होती. बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी विभावरी शिरूरकर हे नाव घेऊन ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली काढला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड आलं, की ही विभावरी कोण याचा शोध घेत महाराष्ट्र खवळला. मग ‘हिंदोळ्यावर’ आली, ‘बळी’ आली. घोडनदीच्या आपल्या मास्तर वडिलांवर त्यांनी १९५३ साली ‘खरेमास्तर’ लिहिलं. २००१पर्यंत त्या आपल्यात होत्या. बाई प्रत्येक नाताळात त्यांचं एक वाक्य सांगायच्या आणि शिरूरचं म्हणून सांगायच्या.

शिरूर आणि दौंडच्या वाचकांना माझी विनंती आहे. गावातल्या वाचनालयात, शाळेत, कोणाच्या माळ्यावर विभावरी शिरूरकरांचं एखादं पुस्तक असेल तर या डिसेंबरात ते बाहेर काढा, पहिलं वाक्य पाठ करा आणि नुकतं वाचायला लागलेल्या एखाद्या पोरापोरीला तोंडी सांगा. पुस्तकाचं नाव त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका.